कोतवालाचं तारण : 'घाशीराम कोतवाल' पुन्हा वाचताना

१

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवरून खासबागेकडचं आकाश लाल दिसत होतं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली पॅलेस थिएटर या नावानं सुरू झालेलं ते नाट्यगृह. तिथल्या रंगमंचावर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो आणि त्यातला बराच वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून. १९८४ साली आमच्या हौशी मंडळींनी विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' बसवलं होतं. भिंतीसाठी बारा ब्राह्मण हवे होते. तालमीतली चार पोरं, कॉलेजातली पाच आणि उरलेले शेजारपाजारचे, अशी जमवाजमव झाली. जानवी आणि शेंडीचे टोप आणले. त्या भिंतीत डावीकडून सातवा मी होतो.

प्रयोगाला माझे वडील आले होते. ते पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १९४३ साली कोल्हापूर संस्थानचे शिपाई म्हणून भरती झाले. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं तेव्हा मुंबई राज्याचे शिपाई झाले आणि १९६० साली महाराष्ट्राचे. तीन राज्यं झाली, काठी तीच राहिली, असं ते म्हणत. प्रयोग संपल्यावर आम्ही चालत घरी निघालो. मिरजकर तिकटीपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाटक झ्याक झालं. पर घाशीरामाच्या शिपायांस्नी नावं का न्हाईत रं?"

मी हसलो होतो. नाटकात ज्याला नाव आहे तो पात्र, ज्याला नाही तो समूह, असं काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं असेल. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो आणि हे नाटक अनेक वर्षं वर्गात शिकवलं. नानाची कामुकता, घाशीरामाचा सूड, लोकनाट्याच्या घाटाचा वापर, हे सगळं शिकवलं. वडिलांचा प्रश्न मात्र वर्गात कधी मांडला नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाच्या मागे जाण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. एकाच हाती सत्ता एकवटलेला राज्यकर्ता आणि त्याच्या हुकमानं काठी चालवणारा बंदोबस्ताचा माणूस यांना एकमेकांशी नेमकं काय बांधून ठेवतं? मराठीत या प्रश्नाला सर्वांत जवळून भिडलेली कलाकृती 'घाशीराम' आहे असं मी मानतो. आणि हा प्रश्न जिथं सर्वांत अवघड होतो, तिथं ती मागे सरते, असंही माझं मत आहे.

२

नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. मोहन आगाशे नाना फडणवीस आणि रमेश टिळेकर घाशीराम. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं. मग कलावंतांनी बाहेर पडून थिएटर ॲकॅडमी काढली आणि १९७४ साली नाटक पुन्हा उभं राहिलं. १९८० साली ते युरोपात जाऊ नये यासाठीही विरोध झाला. हा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक थांबत नाही.

त्या वादात नाटकाचे दोन अर्थ पक्के झाले. विरोधकांच्या लेखी ही नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी होती. समर्थकांच्या लेखी ती सत्तेनं जन्माला घातलेल्या राक्षसाची गोष्ट होती. राक्षस उपयोगाचा असतो तोवर पोसायचा, नकोसा झाला की लोकांपुढे टाकायचा. तेंडुलकरांनी हे नाटक ऐतिहासिक नसल्याचं स्वतः सांगितलं होतं, आणि त्याच्या बीजाचा संबंध पुढे मुंबईत शिवसेना ज्या रीतीनं वाढू दिली गेली त्याच्याशी जोडला होता. दुसरा अर्थ त्यामुळे अधिक टिकला. तो चुकीचा नाही, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. राज्यकर्ता धनी आणि कोतवाल हत्यार. हत्याराला स्वतःची बाजू नसते आणि धन्याला हत्याराची भीती नसते. नाटकाची संहिता शांतपणे वाचली तर हे गृहीतक टिकत नाही.

३

नेमणुकीच्या प्रवेशापासून सुरुवात करू. कनोजहून पोट भरायला आलेला घाशीराम पुण्यात चोरीच्या खोट्या आळापायी मार खातो, कोठडीत पडतो, वेशीबाहेर हाकलला जातो आणि सूडाची प्रतिज्ञा करतो. नानाची नजर त्याच्या मुलीवर, ललितागौरीवर पडते. घाशीराम मुलगी पुढे करतो आणि बदल्यात कोतवाली मागतो. मागणी ऐकून नाना चिडतो, अडतो आणि शेवटी देतो. त्यानंतरच्या स्वगतात नाना आपला हिशेब उघड करतो. घाशीराम परका आहे. गावात त्याचे सगेसोयरे नाहीत. नानाविरुद्ध कट करणारे त्याला जवळ करणार नाहीत, कारण त्यांचा त्याच्यावर विश्वास बसणार नाही. आणि नानाची पापं लोक घाशीरामाच्याच खात्यावर मांडतील.

हे स्वगत वर्गात मी नेहमी नानाच्या धूर्तपणाचा नमुना म्हणून शिकवलं. आता वाटतं, हा एका माणसाचा धूर्तपणा नसून राज्य चालवण्याचं एक जुनं शास्त्र आहे. ज्याला गावात मुळं नाहीत त्याच्या हाती काठी द्यायची, कारण मुळं नसलेला माणूस फक्त देणाऱ्याचाच राहतो.

या शास्त्राची दुसरी बाजूही पुण्यानं पाहिली होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. खून करणारे गारदी होते, पगारी, आणि वाड्याच्या रक्षणासाठी ठेवलेले. थकलेल्या पगाराचा दंगा करत ते आत शिरले आणि त्यांच्या मागे रघुनाथरावाचं कारस्थान होतं. गावाशी नातं नसलेला रक्षक धन्याचाच असतो खरा. मात्र धनी कोण हे पगार ठरवतो, आणि पगार दुसराही देऊ शकतो. 'ध चा मा' ची आख्यायिका याच खुनाभोवती उभी राहिली. ती खरी की खोटी हा वेगळा विषय. मला त्यातली गोम अशी दिसते की धरण्याचा हुकूम मारण्याचा झाला, आणि तो कोणी केला हे कागदावरून ठरवण्याची धडपड लोक अडीचशे वर्षं करत आहेत.

नाना फडणवीसाची खरी कारकीर्द या खुनानंतर सुरू झाली. बारभाईंनी रघुनाथरावाला दूर सारलं आणि १७७४ साली जन्मलेल्या सवाई माधवरावाच्या नावानं कारभार हाती घेतला. ज्याचा उदय रक्षकांनी केलेल्या खुनातून झाला, त्या माणसाला रक्षकांविषयी काय वाटत असेल? हे माझं अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण ते मनात ठेवून वाचलं की स्वगताचा सूर बदलतो. आपल्या धूर्तपणावर खूश असलेला नाना मागे पडतो आणि काठी कोणाच्या हाती देणं कमी धोक्याचं, याची मोजदाद करणारा नाना समोर येतो.

४

परकेपणा पुरत नाही म्हणून तारण लागतं. सावकारीत कर्ज बुडू नये म्हणून वस्तू गहाण ठेवून घेतात, ते तारण. या नाटकात तारण म्हणजे गौरी.

गौरीला घाशीरामानं विकलं असं आपण सहज म्हणतो. पण विक्रीत व्यवहार एकदा होतो आणि संपतो. इथं तो संपत नाही. गौरी नानाकडे आहे तोवर घाशीराम कोतवाल आहे, आणि घाशीराम कोतवाल आहे तोवर गौरी नानाकडे राहणार आहे. दोघांच्याही हातात एकमेकांचं काही आहे. घाशीराम नानाचं गुपित राखतो. नाना घाशीरामाची अब्रू राखतो. पुण्यात रात्रीच्या परवान्यांचा धुमाकूळ सुरू होतो, दारं ठोठावली जातात, निरपराध ब्राह्मणाच्या हातावर तापलेला गोळा ठेवून कबुली वदवली जाते. हे सगळं या गहाणखतावर चाललेलं आहे. आणि या छळाचा एकही हुकूम नाना देत नाही. नाटकात त्याचे निर्णायक हुकूम दोनच: पहिला कोतवालीचा, शेवटचा कोतवालाच्या मरणाचा. मधली सगळी वर्षं नानाच्या बाजूनं कोरी आहेत.

म्हणूनच नाटकाचा सांधा माझ्या मते दगडांचा पाऊस पडतो तिथं नाही. तो गौरीच्या मरणापाशी आहे. नाना नवं लग्न करतो, गरोदर गौरीची रवानगी सुइणीकडे होते आणि ती तिथं मरते. घाशीराम नानावर धावून जातो. नाना त्याला ईश्वरेच्छेचं निरूपण ऐकवतो आणि घाशीराम गप्प बसतो. हा प्रवेश आम्ही बसवत होतो तेव्हा आमच्या दिग्दर्शकानं घाशीरामाचं काम करणाऱ्याला सांगितलं होतं, "आता तू कोतवाल राहिला नाहीस, फक्त पोशाख राहिलाय." ते वाक्य मला आता पटतं. तारण नष्ट झालं की गहाणखतही संपतं. यापुढे नानाकडे घाशीरामाला बांधून ठेवायला काही नाही, आणि घाशीरामाकडे गमावण्यासारखं काही नाही. असा कोतवाल गावाइतकाच धन्यालाही धोक्याचा असतो. तैलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, लोक चालून येतात, तेव्हा नानाला मिळतं ते निमित्त. कोतवालाला सोडण्याचं कारण आधीच तयार झालेलं असतं.

गौरीच्या बाबतीत नाटकाला एक दोषही द्यावा लागेल. ज्या मुलीवर सगळा व्यवहार उभा आहे तिला तेंडुलकरांनी जवळजवळ बोलूच दिलेलं नाही. तारण बोलत नाही, म्हणून हे योग्यच, असं समर्थन करता येईल. मी ते वर्गात केलंही आहे. एकदा एका विद्यार्थिनीनं उलट विचारलं, "सर, मग नाटकानंही तिला तारणासारखंच वापरलं ना?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही.

५

आता इतिहासाकडे. खरा घाशीराम सावळदास औरंगाबादकडचा होता असं सांगतात. कोतवाली म्हणजे त्या काळी केवळ गस्त नव्हे. बाजारभाव, रस्त्या-घरांचे तंटे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, रात्रीच्या तोफेनंतर फिरणाऱ्यांची अटक, दंडाची वसुली, असा तो पसारा होता. कोतवाल सरकारला उत्पन्नही देई आणि बातमीही देई. त्याच्याविषयीची तक्रार ऐकायची म्हणजे स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःचे कान कापून घेणं.

ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेसाठी आलेले तैलंगी ब्राह्मण घाशीरामाच्या बागेतली फळं-कणसं घेतल्याच्या आरोपावरून कोंडले गेले आणि त्यांतले वीसहून अधिक गुदमरून मेले. मानाजी फाकड्यानं कोठडी उघडवली आणि प्रकरण सतरा वर्षांच्या पेशव्यापर्यंत गेलं. ब्राह्मणांचा जमाव नानाच्या दाराशी बसला. इथं इतिहास आणि नाटक यांची वाट वेगळी होते. नाटकातला नाना क्षणात कोतवालाला लोकांच्या हवाली करतो. इतिहासातल्या नानानं आधी वेळ काढला, चौकशीची भाषा केली. जमाव हटेना तेव्हाच घाशीराम त्यांच्या हाती गेला. ३१ ऑगस्टला त्याची धिंड काढून त्याला धोंड्यांनी मारलं. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा पुण्यात होता आणि त्यानं ही हकीकत आपल्या वरिष्ठांना कळवली. तेंडुलकरांनी गोरा साहेब नाटकात आणला आहे. तो काही करत नाही, बघतो. त्याच्या त्या बघण्याचा अर्थ पुण्याला १८१८ साली कळला.

तेंडुलकरांचा हा बदल मला महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर माझा आक्षेप आहे. तो नानाच्या बाजूनं नाही. नाटकाच्या शेवटी नाना सर्वशक्तिमान होतो. कोतवाल नेमणारा तो, मारणारा तो आणि मेल्यावर उत्सव जाहीर करणाराही तोच. लोक दगड मारतात, पण तेही जणू नानाच्या परवान्यावर. प्रेक्षक घरी जातो तो सत्ता सगळ्यांना पुरून उरते असं मानून. नेमणुकीच्या प्रवेशात मात्र याच नाटकानं आपल्याला अडलेला, कोंडीत सापडलेला, मनाविरुद्ध देणारा नाना दाखवला होता. दोरीची दोन्ही टोकं बांधलेली आहेत हे तेंडुलकरांना दिसलं होतं. शेवटी त्यांनी एक टोक सोडून दिलं. इतिहासातला दिरंगाई करणारा नाना नाटकाच्या दृष्टीनं कमी परिणामकारक असेल, पण या नात्याविषयी तो अधिक खरं सांगतो. कोतवालाला सोडताना धन्यालाही काहीतरी कापून द्यावं लागतं. म्हणून तो शेवटपर्यंत टाळतो, आणि म्हणूनच बाहेरून रेटा आल्याशिवाय सोडत नाही. तो रेटा नाटकात पुसट होतो.

६

हे नातं पुण्यापुरतं नाही. स्टालिनच्या राज्यात गुप्त पोलिसांचा प्रमुख यागोदा होता. १९३६ साली त्याच्या जागी येझोव आला आणि पुढची दोन वर्षं सोव्हिएत देशात अटकांचा आणि गोळ्यांचा पाऊस पडला. मार्च १९३८ मध्ये यागोदाला गोळी घातली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात येझोवची जागा बेरियानं घेतली, आणि फेब्रुवारी १९४० मध्ये येझोवलाही गोळी घातली. कालव्याच्या काठावर स्टालिनशेजारी चालणाऱ्या येझोवचं एक छायाचित्र आहे. पुढे तेच चित्र छापलं गेलं तेव्हा येझोवच्या जागी फक्त पाणी होतं. घाशीरामाच्या प्रेताचं काय करायचं हे सांगणारा नाना आणि छायाचित्रातून माणूस पुसणारा कारकून एकाच कचेरीतले वाटतात. 'हे सारं त्याचं होतं आणि तो आता नाही' असं म्हणता येण्याची सोय अशा राज्यकर्त्याला कोतवालामुळे मिळते.

कोल्हापूरकराला याच्या उलट टोकाचं उदाहरण घरातच सापडतं. चौथे शिवाजी महाराज १८७१ साली लहानपणी दत्तक म्हणून गादीवर आले. पुढे त्यांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. तिथं २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. इथं छत्रपती कैदेत आणि पहारा परक्याचा. त्याआधी महाराजांच्या छळाबद्दल 'केसरी' आणि 'मराठा' मधून दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर लिहिल्यामुळे टिळक आणि आगरकरांवर खटला झाला होता. आधारादाखल दिलेली पत्रं खरी ठरली नाहीत आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पहारेकरी कोणाचा, हुकूम कोणाचा, पुरावा कोणाकडे, हे तीन प्रश्न इथंही आहेत. ज्यांनी कागदावर विसंबून ते विचारले, ते खोट्या कागदापायी तुरुंगात गेले.

या दोन उदाहरणांवरून मला एवढंच म्हणायचं आहे: राज्यकर्ता आणि पहारेकरी यांच्यातला करार जितका अंधारात, तितकं त्यांना एकमेकांवर ढकलणं सोपं. आणीबाणीतले कित्येक हुकूम तोंडी दिले गेले होते, हे नंतर शाह आयोगासमोर उघड झालं. त्याच १९७६ साली 'घाशीराम' वर युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी चित्रपट केला. योगायोग असेल, पण तो अर्थपूर्ण आहे.

आज आपल्याकडे तारण म्हणून कोणी मुलगी मागत नाही. मागावी लागत नाही, कारण बदली आहे. मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचं दवाखान्याचं गाव, बायकोची नोकरी, हे सगळं बदलीच्या एका कागदावर गहाण पडतं. आणीबाणीनंतर १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानं हा फास सैल करण्याच्या शिफारशी केल्या. निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले: महत्त्वाच्या पदांवर किमान दोन वर्षांची मुदत, बदल्यांसाठी मंडळ, सरकार आणि पोलीस यांच्यामध्ये राज्य सुरक्षा आयोग, तक्रारींसाठी प्राधिकरण. हे आदेश कोरडे वाटतात. माझ्या डोळ्यांनी वाचलं तर ते गौरीला सोडवण्याचे आदेश आहेत. किती राज्यांनी ते मनापासून पाळले, हे वाचकांनी आपापल्या गावच्या अनुभवावरून ठरवावं.

७

आता वडिलांचा प्रश्न. घाशीरामाच्या शिपायांना नावं का नाहीत?

मला वाटतं, तेंडुलकरांनी बंदोबस्ताची सगळी यंत्रणा एका माणसाच्या सूडात घातली. त्यामुळे नाटकाला विलक्षण वेग आला, आणि त्याच कारणानं यंत्रणा दिसेनाशी झाली. घाशीरामाला क्रूर व्हायला कारण आहे. त्याचा अपमान झाला आहे. पण दार ठोठावणाऱ्या, दोरी बांधणाऱ्या, गोळा तापवणाऱ्या शिपायाचा कोणी अपमान केलेला नाही. त्याला सूड घ्यायचा नाही. तरी तो हे सगळं करतो. तो का करतो, या प्रश्नाजवळ नाटक जात नाही, कारण त्याचं उत्तर सूडाइतकं रंगत नाही. पगार, लाइनीतली खोली, वरून आलेला शब्द आणि शेजारचा करतोय म्हणून, इतकं ते बेचव आहे.

एका जागी मात्र नाटक त्याच्या जवळ जातं. ती जागा म्हणजे भिंत. बारा माणसं ओळीनं उभी राहून डोलतात, गातात, आणि लपवायचं काही आलं की पाठ फिरवून पडदा होतात. समीक्षकांनी या भिंतीचं कौतुक प्रेक्षागृहातून केलं आहे. मी ती आतून पाहिली आहे. भिंत पाठ फिरवते तेव्हा प्रेक्षकांना काही दिसत नाही. पण भिंतीतल्या माणसाचं तोंड आतल्या बाजूला असतं. पलीकडे जे चाललेलं असतं ते सगळं त्याला दिसतं. ज्याला सर्वांत जास्त दिसतं तोच लपवत असतो. आमच्या तालमीत या जागेला पोरं हसायची. प्रयोगाच्या रात्री मला हसू आलं नाही, एवढं आठवतं.

नाटकानंतर काही वर्षांनी, १९९६ च्या पावसाळ्यात वडील अंथरुणाला खिळले. एका रात्री त्यांनी मला एक हकीकत सांगितली. एका तालुक्याच्या गावी ते नेमणुकीला होते. वरून तोंडी सांगणं आलं: अमुक माणसाला रात्रभर बसवून ठेवा, डायरीत लिहू नका. ठेवलं. त्या रात्री त्या माणसाला मारहाण झाली. आठवड्यानं चौकशी आली तेव्हा सांगणाऱ्यानं हात वर केले, असं काही सांगितलंच नव्हतं म्हणून. वडिलांच्या जोडीचा शिपाई निलंबित झाला. वडिलांचा जबाब झाला. त्यांनी सांगितलं की आपण त्या वेळी पलीकडच्या खोलीत होतो, आपल्याला काही दिसलं नाही.

"दिसलं हुतं," ते म्हणाले. "माझं तोंड तिकडंच हुतं."

तुमची बदली झाली असती का, असं मी विचारलं. "तू नववीत हुतास," एवढंच ते म्हणाले. म्हणजे तारण मीही होतो.

मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, आणि सोडवण्यासाठीही नाही. पण 'घाशीराम' च्या पुढचं नाटक मराठीत अजून लिहायचं राहिलं आहे, असं मला या हकीकतीमुळे वाटतं. त्यात नाना असेल, घाशीराम असेल, पण मध्यभागी तो असेल, ज्याला दिसलं होतं. धनी आणि कोतवाल यांचं नातं तुटतं तेव्हा इतिहासात त्यांच्या तारखा राहतात. ते नातं चालू असतं तेव्हा ते अशाच माणसांच्या खांद्यावर चालतं, आणि या माणसांनी एकदा जरी जागेवरून हलायचं ठरवलं, तरी पडदा पडदा राहत नाही. नाना आणि घाशीराम या दोघांनाही भीती असलीच, तर त्याची असते.

निलंबित झालेल्या त्या शिपायाचं नाव वडिलांनी त्या रात्री दोनदा घेतलं होतं. मला ते पाठ आहे. त्याचं कुटुंब अजून आहे, म्हणून इथं ते लिहीत नाही. आणि हे लिहिताना कळतं, की शिपायांना नावं का नाहीत या प्रश्नाचं एक उत्तर माझ्याही हातून तयार झालं आहे.